पडवीचं घरटं

आमचे थोरले मास्तर फणसाला सलाम करीत.

आम्हां ख्रिस्ती लोकांत एकमेकांना भेटलं की सलाम म्हणायची रीत आहे. पण ती माणसांपुरती. ही मर्यादा मास्तरांच्या कधी ध्यानातच आली नाही. दहिवलीत आमच्या घराकडून शाळेकडे जाताना वाटेत एक जुना फणस होता. मास्तर त्याच्यापुढे थांबत, टोपी काढत आणि म्हणत, "सलाम, सलाम! काय तरी काम! एवढं जड फळ, आणि लावलं कुठं, तर बुंध्याला! आंब्यासारखं शेंड्याला टांगलं असतं तर? अहो, रोज एक माणूस दगावला असता!" मग मागे वळून ते असे हसत, की जणू त्या फणसाने आत्ताच त्यांच्या कानात काही विनोद सांगितला होता.

बाजाराला निघालेल्या कडावच्या बायका तोंडाला पदर लावून जात. मी दहा पावलं पुढे जाऊन, या गृहस्थांशी आपला काही संबंध नाही अशा बेताने उभा राहत असे.

ती दहा पावलं मला अजून मोजता येतात. युरोपातली लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. आता मास्तरांच्या त्या वेळच्या वयाचा झालो. या माणसाविषयी मला एक कबुली द्यायची आहे आणि ती मी वीसेक वर्षं लांबवली. पण मास्तरांविषयी लिहायला बसलं की दुःखी चेहरा ठेवणं फार अवघड जातं, हेही आधी सांगून टाकतो.

मी नगरकडचा. वडील तिकडे एका खेड्यात पाळक होते. त्यांनी मला मुंबईला कॉलेजात धाडलं, तिथे मी दोन वर्षं काढली आणि उत्क्रांतीवरची दीड पुस्तकं वाचली. दीड म्हणायचं कारण, दुसऱ्या पुस्तकाचा उत्तरार्ध मला झेपला नाही. पण दीड पुस्तकाने काम झालं. लहानपणापासूनचा माझा विश्वास छत्री विसरावी तसा मुंबईत कुठेतरी राहून गेला. वडिलांना हे सांगायची छाती नव्हती. म्हणून परीक्षा सोडून, आमच्या मिशनची कर्जतजवळ दहिवलीला लहानशी शाळा होती तिथे दुसरा मास्तर म्हणून मी नोकरी धरली. मी धाकटे मास्तर आणि ते थोरले. राहायला त्यांच्याच घराची पुढची खोली आणि जेवायला त्यांच्याच पंगतीला.

पहिल्या दिवशी त्यांनी मला आपली मांडणी दाखवली. टपाल कचेरीने मोडीत काढलेली, पत्रं लावायची लाकडी कप्प्यांची मांडणी होती ती. प्रत्येक कप्प्यावर पांढऱ्या रंगात गावाचं नाव: कडाव, कोंडाणे, चौक, खालापूर, खोपोली. पत्रांच्या जागी आत मास्तरांचे पुरावे. खालापुरात साळिंदराचे काटे. चौकात कुंभारमाशीचं मातीचं घर. खोपोलीत सावरीचं कापसात गुंडाळलेलं बी. "कडाव काढा पाहू," असं ते वर्गात म्हणत आणि एखादा विद्यार्थी पळत जाऊन खेकड्याची नांगी घेऊन येई.

प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठीवर तीन ओळी: वस्तू, ठिकाण, कर्ता. कर्ता या ओळीपुढे सगळीकडे एकच शब्द, सुंदर वळणदार अक्षरात: परमेश्वर.

मी म्हटलं, "मास्तर, सगळीकडे तेच आहे तर वरच्या ओळीत एकदा लिहून खाली नुसत्या खुणा करायच्या."

मास्तरांचा चेहरा खरोखर उतरला. "असं कसं, धाकटे मास्तर? त्यानं प्रत्येक वस्तू निराळी केली, आणि मी एक शब्द लिहायचा कंटाळा करू?"

त्यांचं भिंग कोटाच्या गुंडीला दोरीने बांधलेलं असे. त्यातून ते जग पाहत आणि जग त्यांना पाही, कारण पलीकडून त्यांचा तो एक डोळा बटाट्याएवढा दिसे. त्यांच्या खिशात काय असेल याचा नेम नव्हता. मास्तरीणकाकू कपडे धुवायला घेण्याआधी कोट काठीने झोडपत. एकदा त्यातून जिवंत गोगलगाय निघाली तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, तुमचा पुरावा चालत चालत मोरीत गेला."

काकू मोजकं बोलत. मास्तर एकदा जेवताना रंगात येऊन सांगत होते, की सुगरण पक्ष्याचं घरटं विणतो तो नर; मादी नुसती येऊन पाहते, पसंत पडलं तर राहते, नाही तर निघून जाते. "घर बांधावं त्यानं आणि नाव मात्र सुगरणीचं!"

"आमच्याकडं उलट आहे," काकू म्हणाल्या आणि त्यांनी मास्तरांना आणखी भात वाढला.

मी मास्तरांशी वाद घालत असे. खरं म्हणजे मी वाद घाली आणि ते त्यात पोहत. एकदा आम्ही वरचा वर्ग घेऊन कोंडाण्याची लेणी पाहायला गेलो. वाट दाखवायला त्या बाजूच्या ठाकूरवाडीतला गोमा होता. गोमा टोपल्या विणी, पावसाची इरली विणी, मासे धरायचे सापळे विणी. हातात काही नसलं तर चालता चालता गवत तोडून तेच विणत जाई. तो सगळ्या जगाला अरेतुरे करी, त्यात शाळेचे मास्तर आले आणि मिशनचे साहेबही आले.

लेण्यापुढे उभं राहून मास्तरांनी दगडात कोरलेल्या कमानी दाखवल्या, लाकडी तुळयांसारख्या दिसणाऱ्या दगडी तुळया दाखवल्या. मग आवाज चढवून विचारलं, "हे पाहून कोणी म्हणेल का, की हे वाऱ्यापावसानं आपोआप झालं? सांगा, हे कोणी केलं?"

पोरं गोंधळली. गोमाने हातातलं गवत खाली न ठेवता उत्तर दिलं, "पांडवांनी. येका रातीत. कोंबडा आरवला नी पळाले, म्हून अर्धं रायलं."

पोरं हसली. मीही हसलो, जरा जास्तच. पण मास्तरांनी आनंदाने गोमाच्या पाठीवर थाप मारली. "पाहिलंत? शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण पावसानं झालं असं म्हणाला का तो?"

"पण मास्तर, पांडवांनी नाही केलं हे."

"नसेल! नाव चुकलं. नाव चुकलं तर चुकू दे हो, कर्ता आहे एवढं तर कळलं ना!"

"लेण्याला पिल्लं होत नाहीत," मी म्हटलं. "पाखरांना होतात. थोडा थोडा फरक पडत, लाखो वर्षांत एका पाखराचं दुसरंच पाखरू झालं. त्याला कोणी कारागीर लागत नाही."

मास्तरांचा चेहरा उजळला. "लाखो वर्षं? म्हणजे त्यानं काम सावकाश केलं. चांगला सुतार कधी घाई करतो का?"

अशा माणसाशी काय भांडायचं? मी त्यांना हरवायला भिंत चढावी आणि त्यांनी वरून हात देऊन मला ओढून घ्यावं, असं चाललेलं.

फक्त एकदा मी त्यांना अडवलं. विचारलं, "ढेकूण कोणी केला?" मास्तर तीन दिवस गप्प होते. फणसाला सलामसुद्धा हळू आवाजात. चौथ्या दिवशी सकाळी ते भिंग आणि काचेच्या बाटलीत एक ढेकूण घेऊन माझ्या खोलीत आले. "पाहा, पाहा, काय सफाई! चपटा केलाय, फटीत शिरावा म्हणून! काम उत्तम आहे, धाकटे मास्तर. अडचण एवढीच, की आपण त्याच्या जेवणाच्या जागी झोपतो!"

आतून काकूंचा आवाज आला, "त्याचा कर्ता कोणीही असो, गाद्या उन्हात मलाच टाकायच्यात."

आता कबुलीकडे येतो.

मास्तरांची एकच इच्छा होती. त्यांना उपदेशक व्हायचं होतं. शाळेची मोठी खोली रविवारी आमचं उपासनेचं मंदिर होई. तिथल्या मेजामागे उभं राहून मंडळीला उपदेश करण्याची सनद त्यांना हवी होती. एकोणीस वर्षं ते ती मागत होते. मिशनच्या साहेबांचं म्हणणं, की मास्तर फार हसतात आणि किड्यांवर फार बोलतात. त्या वर्षी मात्र साहेबांनी कळवलं, की कापणीच्या सणाला येऊ आणि मास्तरांचा उपदेश ऐकून काय ते ठरवू. काकूंनी त्या दिवसासाठी मास्तरांना पांढरा लांब कोट शिवायला घेतला. आतल्या खिशांना त्यांनी ठाम नकार दिला.

त्यांना सनद मिळाल्याने माझं काही जाणार नव्हतं. न मिळाल्याने मला काही मिळणार नव्हतं. मी हे पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. लोभाचं कारण सापडलं असतं तर बरं वाटलं असतं. मला एवढंच सहन होत नव्हतं, की माझ्यापाशी दीड पुस्तक होतं आणि मी उदास होतो. यांच्यापाशी खेकड्याची नांगी होती आणि हा मनुष्य सकाळी उठून गाणं म्हणत तोंड धुवत होता. मला त्यांचा आनंद एकदा फुटलेला पाहायचा होता.

मी गोमाकडे गेलो. म्हटलं, "सुगरणीसारखं घरटं विणशील?"

"इणीन. कशाला? पाखरं मेली का काय?"

"दुमजली पाहिजे. आणि दाराशी पडवी."

गोमाने मान वर केली. "पाखराला पडवी कशाला रं?"

"पाऊस आला की बसायला."

गोमाला हे पटलं. बदल्यात मी त्याला माझा मुंबईचा काळा कोट दिला. कोपरावर विटलेला, एक गुंडी तुटलेली. पाच दिवसांनी त्याने जे आणून दाखवलं ते मी हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. शिंदीच्या पात्या त्याने दातांनी सोलल्या होत्या, पाखरू चोचीने सोलतं तशा. आत ओली माती लावली होती, पाखरू लावतं तशी. वर एक खोली, खाली एक खोली, आणि नळीच्या तोंडाशी अर्ध्या वितीची पडवी, तिला बारीक कठडासुद्धा.

"कठडा मी सांगितला नव्हता," मी म्हटलं.

"पिल्लू पडंल ना रं," गोमा म्हणाला.

आम्ही ते कडावच्या वाटेवरच्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीला बांधलं, तिथे खरी घरटीही लटकत होती. मग मी मास्तरांना सहज म्हटलं, की त्या विहिरीवर काहीतरी विचित्र दिसतं.

मास्तर पळत गेले. मी मागे. ते विहिरीच्या काठावर चढले, छत्रीच्या आकड्याने फांदी ओढली, घरटं हाती आलं, ते पाहून त्यांनी दोन्ही हात वर केले आणि तसेच विहिरीत गेले. पाणी गळ्याइतकं होतं. मी वाकून पाहिलं तर खाली फक्त एक डोकं आणि त्यावर दोन्ही हातांत धरलेलं घरटं. "कोरडं आहे!" ते ओरडत होते. "धाकटे मास्तर, कोरडं आहे! याला पडवी आहे!"

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. दोर सोडला, शेजारच्या शेतातली माणसं बोलावली, त्यांना वर काढलं, आणि काही बोललो नाही. घरी काकूंनी त्यांना घोंगडीत गुंडाळलं. दात वाजत असतानाच ते चिठ्ठी लिहायला बसले. वस्तू: सुगरणीचं घरटं, दुमजली, पडवीसह. ठिकाण: कडावची वाट. कर्ता: आणि तिथे त्यांनी नेहमीचा शब्द नेहमीपेक्षा सावकाश लिहिला.

कापणीच्या सणाला आमच्यात घरोघरचं नवं पीक मंदिरात आणतात. त्या दिवशी मेजाभोवती भाताच्या पेंढ्या, काकड्या, भोपळे यांचा ढीग पडला होता. कोणीतरी एक कोंबडा आणून मेजाच्या पायाला बांधला होता. पुढे खुर्चीवर साहेब. काकू पहिल्या रांगेत, हात घट्ट धरून. मी तिसऱ्या रांगेत. आणि मागे दाराशी, टोपल्यांची थप्पी शेजारी ठेवून, माझा काळा कोट घालून गोमा. मेजवानीसाठी टोपल्या लागतात म्हणून काकूंनीच त्याला बोलावलं होतं. हे मला ठाऊक नव्हतं.

मास्तर पांढऱ्या कोटात फार छान दिसत होते. सुरुवातीला अगदी साहेबांना हवे तसे गंभीर. मग त्यांनी मेजाखालून घरटं काढलं आणि गंभीरपणा संपला. ते वरच्या खोलीविषयी बोलले, खालच्या खोलीविषयी बोलले. पडवीपाशी आल्यावर त्यांना हसूच आवरेना, आणि मंडळीही हसू लागली. साहेबसुद्धा खुर्चीत पुढे सरकले. मी पाहिलं, की सनद मिळालीच.

"माणसाच्या हातून हे होणं नाही!" मास्तर म्हणाले. "मुंबईचा मोठ्यातला मोठा इंजिनियर आणा! सांगा मंडळी, हे कोणी केलं?"

त्यांचा हा प्रश्न सगळ्यांच्या ओळखीचा होता, आणि 'देवानं!' म्हणून एका सुरात उत्तर द्यायची सवयही. मंडळीने श्वास घेतला. पण त्याआधी दारातून आवाज आला.

"मी."

सगळ्या माना वळल्या. गोमा उभा राहिला. "मी केलंय तं. कठडा बी माजाच हाय. पडवी या धाकल्या मास्तरानं सांगितली. तवाच बोललो मी, पाखराला पडवी कशाला?"

कोणी हसलं नाही. साहेबांनी गोमाकडे पाहिलं, त्याच्या कोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचं मराठी पुस्तकी होतं. "हा मनुष्य म्हणतो ते सत्य आहे काय? तो कोट आपला आहे काय?"

"नाही," मी म्हणालो. "मी या माणसाला ओळखत नाही."

आणि मेजाला बांधलेला कोंबडा आरवला.

ख्रिस्ती माणसाला त्या आवाजाचा अर्थ सांगावा लागत नाही. आमच्या शास्त्रात एक शिष्य आहे. तो आपल्या गुरूला ओळखत नाही असं म्हणतो, आणि कोंबडा आरवतो. पाळकाच्या घरात वाढलेला मी, ती गोष्ट बोलायला लागल्यापासून ऐकत आलेलो. माझे कान आतून जळाले.

तेवढ्यात गोमा म्हणाला, "पळा आता, पांडवहो!"

आधी मागच्या रांगेतल्या एका म्हातारीला हसू फुटलं. मग पोरांना. मग सगळ्या खोलीला. आणि मास्तर? त्यांनी काळा कोट पाहिला होता, तुटलेल्या गुंडीची जागाही पाहिली होती. ती गुंडी काकूंनी महिनाभर शोधली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मेजावर दोन्ही हात टेकून ते इतके हसले, की त्यांच्या धक्क्याने एक भोपळा गडगडत साहेबांच्या पायाशी गेला.

"साहेब, कोट कोणाचा ते राहू द्या," डोळे पुसत ते म्हणाले. "मंडळी, मी म्हणालो होतो की नाही, हे कोणीतरी केलंय? केलंय की! तो पाहा, उभा आहे!" ते मेजामागून खाली उतरले, दारापर्यंत गेले, गोमाचे हात धरले आणि भिंगातून त्याची बोटं पाहू लागले. "कठडासुद्धा! अरे, काय काम आहे रे तुझं!"

साहेब भला माणूस होता. त्याला मास्तरांना वाचवायचं होतं. तो खुर्चीतून उठून म्हणाला, "मास्तर, विचारा, ही बोटे कोणी निर्माण केली? मंडळीला हेच विचारा!"

मलाही ते दिसलं. एवढा एक प्रश्न विचारला, की मंडळी गर्जणार, उपदेश पहिल्यापेक्षा चढणार, सनद परत हातात येणार. काकू अर्ध्या उठल्या होत्या.

मास्तरांनी गोमाची बोटं सोडली नाहीत. "नको साहेब," ते म्हणाले. "ते मला ठाऊक आहे, ते मी उद्या सांगेन. पण आज सकाळपासून मी या माणसाचं काम दुसऱ्याच्या नावावर सांगतो आहे. जरा वेळ त्याचं त्याच्यापाशी राहू द्या. लगेच काढून घेऊ नका." आणि मंडळीकडे वळून त्यांनी सांगितलं, "माणसाच्या हातून होणं नाही असं मी म्हणालो. ते चुकलं. बसा."

ते स्वतःही तिथेच, गोमाच्या टोपल्यांशेजारी जमिनीवर बसले. साहेबांनी वहीत काही लिहिलं. पुढच्या वर्षी पाहू, असं ते निघताना म्हणाले. ते पुढचं वर्ष कधी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रंक भरून बसलो होतो. मास्तर खोलीत आले. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "मास्तर, मी केलं ते. मी त्याला सांगितलं. आणि नंतर नाही म्हणालो."

"कोट ओळखला मी," ते म्हणाले. मग दार लावून, हळूच, चोरट्या आवाजात विचारलं, "पण पडवीची कल्पना खरंच तुमची?"

"हो."

"शाबास हो!" त्यांनी माझा दंड दाबला. "पुस्तकं वाचून डोकं असं चालत असेल तर मलाही द्या एखादं. चला, ट्रंक ठेवा. गोमाकडे जायचंय. मला विणायला शिकायचंय."

वाटेत मी त्यांना विचारलं, की काल तो प्रश्न का नाही विचारला. फणस आला, त्यांनी टोपी काढली, सलाम केला, पुन्हा घातली. "गंमत सांगतो," ते म्हणाले. "काल मंदिरातून घरी येताना मला भीती वाटली. वाटलं, एक पुरावा खोटा निघाला, उद्या दुसरा निघेल. मग मांडणी रिकामी. मग माझं काय? तर आज उठलो आणि पाहतो तो, मी गाणं म्हणत तोंड धुतोय! म्हणजे मांडणीच्या जोरावर चाललं नव्हतं हे. मला इतकी वर्षं वाटायचं, मी पुरावे पाहून विश्वास ठेवतो. अहो, उलटं होतं. मी विश्वास ठेवतो म्हणून मला खेकडासुद्धा देखणा दिसतो. मांडणी नुसती मजा होती!" आणि ते असे हसले, की बाजारच्या बायकांनी पुन्हा पदर तोंडाला लावले.

गोमाने आम्हां दोघांना समोर बसवून पात्या सोलायला लावल्या. दुपारपर्यंत मास्तरांचं जे तयार झालं त्याकडे त्याने डोकं तिरपं करून पाहिलं. "हे कावळ्याचं हाय का?"

"सुगरणीचं, गोमा."

"सुगरण बगंल नी परत जाईल रं," गोमा म्हणाला. माझं त्याने पाहिलंच नाही.

पडवीचं घरटं मास्तरांनी शाळेच्या ओसरीत टांगलं. पुढच्या पावसात मी वर्गात त्रैराशिक शिकवत असताना ते धावत आत आले. शिक्षकाने वर्गात धावू नये हा त्यांचाच नियम. "धाकटे मास्तर! बसलीय! पडवीत बसलीय!" मी आणि चाळीस मुलं बाहेर पडलो. ओसरीबाहेर धो-धो पाऊस, आणि गोमाच्या कठड्याला चिकटून, अंग फुगवून, एक इवलीशी मुनिया पडवीत बसली होती. दुसऱ्याचं घरटं आयतं वापरायची त्या पाखरांना सवयच असते. पण मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी मुंबईची एखादी मोठी इमारत उभी केली होती.

मास्तरांनी हे असं सोडून दिलं. काकूंनी नाही. तीन महिने त्यांनी माझ्या ताटातल्या आमटीत मीठ घातलं नाही आणि मी ते मागितलं नाही. एकदा धीर करून म्हटलं, "काकू, मास्तरांनी मला माफ केलं."

"ह्यांनी केलं असेल," त्या म्हणाल्या. "मी अजून विचार करतेय." तो पांढरा कोट त्यांनी घडी करून कडुलिंबाच्या पाल्यात ठेवला होता. मास्तर तो कधी मधी काढून, घडी न मोडता, वरून हात फिरवत. हे मी दाराच्या फटीतून पाहिलं आहे. मजा होती, हे ते मांडणीविषयी म्हणाले होते. कोटाविषयी नाही.

दोन वर्षांनी मी नगरकडे परत आलो. वडिलांना सगळं सांगितलं. विश्वासाचंही आणि कोंबड्याचंही. ते कोंबड्याला हसले. माझा विश्वास पुढे परत आला का, असं मला लोक विचारतात. पूर्ण आला असं म्हणवत नाही. पण ज्या वेळी येतो, त्या वेळी तो दीड पुस्तकाला उत्तर घेऊन येत नाही. खाली, टोपल्यांशेजारी, पांढऱ्या कोटात बसलेला येतो.

मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात दहिवलीहून रेल्वेने एक खोकं आलं. पाठवणाऱ्या मास्तरीणकाकू. आत भाताच्या पेंढ्यात जपून ठेवलेलं ते घरटं होतं. पात्या काळ्या पडलेल्या, कठडा अजून शाबूत. चिठ्ठी तीच, विहिरीतून निघाल्यावर लिहिलेली. कर्ता या ओळीपुढच्या शब्दावर एक बारीक, सरळ रेघ होती आणि खाली त्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

कर्ता: गोमा, ठाकूरवाडी.

पडवी: आणि पुढे माझं नाव, आडनावासकट, पूर्ण.

राहणार: मुनिया, एक जोडी.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला काकूंचं अक्षर. त्या लिहायला उशिरा शिकल्या, ओळ वर चढत गेलेली. "ह्यांनी तेव्हाच तुमच्यासाठी ठेवलं होतं. मी पाठवलं नाही. पडवी चांगली होती."

मी घरटं हातात घेऊन बाहेर आलो. इकडे फणस होत नाही. दारात कडुलिंब आहे, कित्येक वर्षं आहे, आणि त्या दिवशी तो फुलला होता. एवढं एवढं फूल, आणि त्यात सगळं जागच्या जागी. रस्त्यावर कोणी नाही ना, हे पाहायला मी मान वळवली. होतं, बाजारची माणसं होती, चांगली सात-आठ.

मी टोपी काढली.